तवंग थिजवणारी जाळी

सक्करदऱ्यात पहिला पाऊस पडला की गॅरेजसमोरच्या डबक्यावर ऑइलचा सप्तरंगी तवंग दिसतो. बोट लावा, पांगतो. चिमटीत काही येत नाही. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' ही जहाजं धडकली, तेव्हा शेकडो टन तेलाचं हेच दुखणं होतं.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शंतनू भट्टाचार्य यांनी 2001 मध्येच एक युक्ती दाखवली होती. अ‍ॅलनीन या अमिनो आम्लापासून केलेल्या पदार्थाचे रेणू तेलात एकमेकांना धरून बारीक धाग्यांची जाळी विणतात. तेल त्यात अडकून थिजतं, पाणी मात्र वाहतंच राहतं. हिवाळ्यात बाटलीतलं खोबरेल थिजतं ना, तसंच; फक्त इथे गारठा लागत नाही.

घोडं अडतं ते मिसळण्यापाशी. असे पदार्थ बऱ्याचदा आधी द्रावकात विरघळवून फवारावे लागतात, आणि तो द्रावकही शेवटी समुद्रातच जातो.