राऊटरच्या पोटातले लिनक्स

मुरबाडच्या सिद्धगडासारख्या दाट झाडीच्या मुलखात वायफायच्या लहरी लवकर क्षीण होतात. टीव्हीच्या यूएचएफ लहरी मात्र झाडी बऱ्यापैकी भेदतात. याच गुणावर आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने पालघरमधल्या खामलोली परिसरात इंटरनेट पोचवून पाहिले. त्यासाठीच्या उपकरणात होती ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरसाठीची मुक्त लिनक्स प्रणाली. अवघ्या काही एमबीच्या फ्लॅश मेमरीत ती मावते. मूळ प्रणाली खालच्या, न बदलणाऱ्या थरात दाबून बसवलेली. आपण केलेले बदल वरच्या थरात. सेटिंग बिघडले तर वरचा थर पुसायचा, यंत्र पहिल्यासारखे. वीज सारखी ये-जा करते आणि त्यात सेटिंग बिघडण्याची भीती असते, तिथे याचे मोल फार. 2017मध्ये ‘ग्राममार्ग’ने मोझिला या संस्थेची स्पर्धाही जिंकली. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर हा प्रयोग व्हायलाच हवा.