तारेच्या उजवीकडून की डावीकडून?

ताईच्या कंगव्यात अडकलेला एक लांब केस हळूच सोडवून घ्या. (विचारून घेतलात तर उत्तमच.) घरात लाल लेझर पॉइंटर असेल तर तोही आणा. खोलीत अंधार करा, केस ताणून लेझरच्या तोंडावर उभा चिकटवा आणि समोरच्या भिंतीकडे बघा. एक मात्र पक्कं ठरवून टाकू या. लेझर कुणाच्याही डोळ्यांवर मारायचा नाही, आरशावर मारायचा नाही आणि घरातलं कुणीतरी मोठं शेजारी असल्याशिवाय चालूच करायचा नाही.

भिंतीवर काय दिसायला हवं? लाल ठिपका आणि त्याच्या मधोमध केसाची काळी रेघ, हो ना? तसं काही दिसत नाही. ठिपका दोन्ही बाजूंना आडवा पसरतो आणि त्यात उजेड, अंधार, उजेड, अंधार असे तुकडे ओळीनं मांडलेले दिसतात. भिंत ३ मीटरवर असेल तर दोन काळ्या जागांमध्ये साधारण अडीच सेंटिमीटर अंतर भरतं. पट्टीनं मोजा. मग एक गंमत करा. लाल उजेडाच्या लहरीची लांबी ०.०००६५ मिलिमीटर धरा, तिला भिंतीच्या अंतरानं म्हणजे ३००० मिलिमीटरनं गुणा आणि काळ्या जागांमधल्या अंतरानं भागा. २६ मिलिमीटर अंतर आलं असेल तर उत्तर येतं ०.०७५ मिलिमीटर. ही ताईच्या केसाची जाडी!

लंडनच्या थॉमस यंग नावाच्या डॉक्टरांनी १८०३ साली असलाच प्रयोग शास्त्रज्ञांच्या सभेत मांडला. लेझर अर्थातच नव्हता. त्यांनी खिडकीच्या झडपेला बारीक भोक पाडून सूर्याचा कवडसा आत घेतला आणि त्या कवडशात पुठ्ठ्याची एक पातळ पट्टी कडेवर उभी धरली. जाडी इंचाचा तिसावा भाग. तिच्या सावलीतही उजेड-अंधाराचे पट्टे उमटले. मग यंगसाहेबांनी पट्टीच्या एकाच बाजूनं जाणारा उजेड अडवला. दुसऱ्या बाजूचा उजेड तसाच येत होता, तरी सावलीतले पट्टे गायब! म्हणजे पट्टे पडायला दोन्ही बाजूंचा उजेड लागतो. दोन्हीकडून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. उंचवटा उंचवट्यावर आला की लख्ख उजेड, उंचवटा खळग्यावर आला की अंधार. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात पुढेमागे याला व्यतिकरण म्हटलेलं सापडेल.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. उजेड लहरीसारखा वागतो, लहर दोन्ही बाजूंनी जाऊ शकते, मिटलं. आता उजेडाच्या जागी इलेक्ट्रॉन घेऊ.

इलेक्ट्रॉन हा कण आहे हे १८९७ मध्ये केंब्रिजच्या जे. जे. थॉमसन यांनी दाखवून दिलं. १९०६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा मुलगा जॉर्ज मोठा होऊन स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला प्राध्यापक झाला. १९२७ मध्ये त्यानं इलेक्ट्रॉनांचा झोत अतिशय पातळ पापुद्र्यातून पाठवला, आणि पलीकडे चक्क लहरी करतात तशी गोल कडी उमटली. त्याच सुमारास अमेरिकेत डेव्हिसन आणि जर्मर यांना निकेलच्या स्फटिकावर तेच दिसलं. १९३७ चं नोबेल डेव्हिसन आणि जॉर्ज थॉमसन यांना मिळून. म्हणजे वडिलांना ज्या इलेक्ट्रॉनमध्ये कण सापडला, त्याच इलेक्ट्रॉनमध्ये मुलाला लहर सापडली. वडील तेव्हा हयात होते. त्यांच्या घरी जेवताना काय गप्पा होत असतील, मला फार कुतूहल आहे.

कुणी म्हणेल, झोतात कोट्यवधी इलेक्ट्रॉन असतात, ते एकमेकांना ढकलत असतील आणि त्यातून पट्टे पडत असतील. शंका रास्त आहे. तिचं उत्तर हवं तर इलेक्ट्रॉन एकेक करूनच सोडायला हवेत. असा प्रयोग १९७० च्या दशकात इटलीतल्या बोलोन्याच्या तिघा शास्त्रज्ञांनी केला आणि त्याची छोटी फिल्मही काढली. पण मी तुम्हाला १९८९ सालचा जपानमधला प्रयोग सांगणार आहे, कारण त्याची चित्रं पाहिली की विसरता येत नाहीत.

हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सोबत्यांनी हा प्रयोग केला. इथे केसाच्या जागी होती एक तार, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक. तुमचा केस तिच्यापुढे म्हणजे वडाचं खोड! तारेला धन विद्युतभार दिलेला, त्यामुळे उजवीकडून जाणारे इलेक्ट्रॉन थोडे डावीकडे खेचले जात आणि डावीकडून जाणारे थोडे उजवीकडे. पलीकडच्या पडद्यावर दोन्ही वाटा एकत्र येत. इलेक्ट्रॉनांचा वेग होता सेकंदाला सुमारे १ लाख २० हजार किलोमीटर. आणि ते इतके विरळ सोडलेले, की दोन इलेक्ट्रॉनांमध्ये सरासरी शंभराहून जास्त किलोमीटरचं अंतर. एक पडद्यावर आपटून संपला तरी पुढचा बहुतेक वेळा निघालेलाही नसायचा. ढकलाढकलीचा प्रश्नच नाही.

पहिल्या चित्रात १० इलेक्ट्रॉन. पडद्यावर १० टिंबं, कुठेही, कशीही. अर्धं टिंब नाही, पसरट डाग नाही. वळवाच्या पावसाचे पहिले टपोरे थेंब अंगणात पडावेत तशी. १०० झाले तरी तेच. ३००० झाल्यावर डोळे बारीक करून पाहिलं तर कुठे दाटी, कुठे विरळ असं काहीतरी वाटतं. २०,००० ला शंका उरत नाही. आणि ७०,००० ला पडदाभर उभे पट्टे, दाट, विरळ, दाट, विरळ. अगदी यंगच्या पुठ्ठ्यामागे पडले होते तसे!

थांबा, घाईनं पुढे जाऊ नका. प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटा आला. प्रत्येकानं एकच टिंब उमटवलं. पट्टे पडायला तर दोन्ही बाजू लागतात. मग तो एकटा इलेक्ट्रॉन तारेच्या उजवीकडून गेला की डावीकडून?

"त्यात काय, बघायचं की!" असं तुम्ही म्हणालच. शास्त्रज्ञांनीही तेच केलं. इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेत १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनच्या वाटेवर चिमुकला पहारेकरी बसवला, इलेक्ट्रॉन इकडून गेला की नाही याची नोंद घेणारा. पहारा ढिला ठेवला की पट्टे राहायचे. पहारा कडक केला की पट्टे पुसट व्हायचे. वाटेची माहिती जितकी पक्की, तितके पट्टे फिके. दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाहीत. यात माणसाच्या डोळ्यांचा किंवा मनाचा काही संबंध नाही बरं का. खोलीत कुणी नसलं तरी चालतं. इलेक्ट्रॉनच्या वाटेची खूण आसपास कशावर तरी उमटली, एवढं पुरतं. 'मनाच्या क्वांटम शक्ती'ची लॉकेटं विकणारे लोक नेमकी हीच गोष्ट सांगत नाहीत. त्या लॉकेटांनी फक्त आपला खिसा हलका होतो.

आता हिशोबाचं बोलू. कोणत्या ठिकाणी किती दाटी होणार याचं गणित १९२५ आणि १९२६ मध्ये हायझेनबर्ग, श्रोडिंजर, बॉर्न वगैरे मंडळींनी बसवलं. या शास्त्राचं नाव क्वांटम मेकॅनिक्स, मराठीत पुंजयामिकी. इलेक्ट्रॉनसोबत गणितात एक लहर लिहायची. ती जिथे जोरकस, तिथे टिंब पडण्याची शक्यता जास्त; हा बॉर्नचा नियम. पुढचं टिंब नेमकं कुठे पडेल ते मात्र सांगता येत नाही. हे गणित आजवर एकदाही चुकलेलं नाही. दोनऐवजी तीन वाटा ठेवल्या तर? तेही पाहून झालंय. २०१० मध्ये कॅनडात उर्बसी सिन्हा आणि सहकाऱ्यांनी उजेडाला तीन फटींतून पाठवलं आणि बॉर्नचा नियम तिथेही टिकला. सिन्हा पुढे बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत रुजू झाल्या.

म्हणजे गणितावर सगळ्यांचं एकमत. भांडण आहे ते वेगळंच. त्या लहरीचा अर्थ काय? आणि तारेपाशी खरोखर घडतं काय? शंभर वर्षं झाली, मोठमोठी माणसं यावर भांडताहेत.

डेन्मार्कचे नील्स बोर म्हणत, तुमचा प्रश्नच चुकला. वाट मोजणारं उपकरण जोवर लावलेलं नाही, तोवर 'उजवीकडून की डावीकडून' याला अर्थच नाही. लहर हे आपल्या अंदाजाचं साधन आहे. याला कोपनहेगनचा अर्थ म्हणतात. आइन्स्टाइनला हे मुळीच पटलं नाही. आपण बघत नसलो तरी जगात काहीतरी घडत असणारच, असं त्याचं म्हणणं. खरं सांगायचं तर बोरचं उत्तर मलाही जरा पळवाटीसारखं वाटतं.

फ्रान्सच्या द ब्रॉयनं १९२७ मध्ये दुसरं उत्तर सुचवलं आणि डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये ते नीट बांधलं. लहरही खरी, कणही खरा. लहर तारेच्या दोन्ही बाजूंनी जाते, कण मात्र एकाच बाजूनं, आणि लहर त्याला वाट दाखवते. प्रयोग दोन्ही बाजूंना अगदी सारखा मांडलेला असेल तर बोमच्या हिशोबात पडद्याच्या डाव्या अर्ध्यात पडलेला इलेक्ट्रॉन हमखास डावीकडूनच आलेला असतो. किती स्वच्छ उत्तर! पण त्याची किंमत मोजावी लागते. एका कणाला वाट दाखवणारी लहर दुसऱ्या, खूप दूरच्या कणाशी काय केलं यावरही तत्क्षणी अवलंबून असते. आइन्स्टाइनला नेमकं हेच नको होतं. पुढे जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखवून दिलं की पुंजयामिकीची भाकितं खरी असतील तर कणांकडे उत्तरं आधीच ठरलेली असणं आणि दूरचा तत्काळ परिणाम नसणं, या दोन्ही गोष्टी एकदम टिकत नाहीत. प्रयोगांनी ती भाकितं खरी ठरवली. त्या प्रयोगांसाठी आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

तिसरं उत्तर ह्यू एव्हरेट या अमेरिकन विद्यार्थ्याचं, १९५७ सालचं. तो म्हणाला, गणितात आहे तेच खरं माना. इलेक्ट्रॉनच्या दोन्ही शक्यता घडतात. तुम्ही बघायला गेलात की तुमच्याही दोन शक्यता होतात. एकीत तुम्ही 'उजवी' लिहिता, दुसरीत 'डावी', आणि दोघांची पुन्हा कधी गाठ पडत नाही. असंख्य जगं! फारसं कुणी लक्ष दिलं नाही. एव्हरेट तर तोवर भौतिकशास्त्र सोडून अमेरिकेच्या लष्करी खात्यात हिशोब करायला गेलाही होता.

श्रोडिंजरचं मांजर कुठे गेलं, असं एखादा हुशार वाचक विचारेल. पेटीत कोंडलेलं मांजर जिवंतही आणि मेलेलंही, ही नुसती कल्पना; कुणी कधी खरंच मांजर कोंडलेलं नाही, काळजी नको. श्रोडिंजरनं १९३५ मध्ये ती कल्पना लिहिली ती चिमटा काढायला. इलेक्ट्रॉन दोन्हीकडून जातो म्हणता, मग तसल्याच कणांनी बनलेलं मांजर एकाच वेळी जिवंत आणि मेलेलं कसं चालेल, हा त्याचा प्रश्न. तो प्रश्न खोटा नाही. इटलीच्याच दुसऱ्या तिघा शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये त्यावर उपाय सुचवला. लहर अधूनमधून आपोआपच एका जागी गोळा होते. एकट्या इलेक्ट्रॉनच्या बाबतीत कोट्यवधी वर्षांत एखाद्या वेळी, पण मांजरात कण इतके असतात की तिथे क्षणार्धात. हे उत्तर मला आवडतं, कारण ते खोटं ठरवता येईल. वस्तू मोठी करत न्यायची आणि पट्टे कधी संपतात ते पाहायचं. व्हिएन्नात १९९९ मध्ये कार्बनच्या ६० अणूंच्या रेणूनं पट्टे पाडले. २०१९ मध्ये सुमारे २००० अणूंच्या रेणूंनीही पाडले. मांजर अजून फार लांब आहे.

२०२५ मध्ये पुंजयामिकीला शंभर वर्षं झाली, तेव्हा 'नेचर' या साप्ताहिकानं भौतिकशास्त्रज्ञांना यावर मत विचारलं आणि ११०० हून जास्त जणांनी उत्तर दिलं. कोपनहेगनवाले निघाले ३६ टक्के, अनेक जगंवाले १५, बोमवाले ७. बाकीचे इतर मतांमध्ये विखुरलेले. एवढ्या जाणत्या माणसांत बहुमत कुणाचंच नाही, तेव्हा तुम्हालाही मत द्यायला हरकत नाही. बोर, बोम, एव्हरेट की इटलीवाले? तुमचा कौल मला पत्रानं कळवा आणि कारणही लिहा. 'मला आवडलं म्हणून' हे कारण मात्र चालणार नाही.