अनवाणी पायातून अंगातले रक्त कसे जाते?



कारभारीण सकाळी उठते तीच दमलेली. पाण्याचा एक हंडा आणला की छाती धडधडते. डोळ्यांची आतली कड पांढरट, नखे फिकट, पायांवर सूज. सासूबाई म्हणतात, नजर लागली. शेजारीण म्हणते, मागचे बाळंतपण बाधले. रक्त कमी होण्याची कारणे पुष्कळ आहेत, पण त्यांतला एक चोर आतड्यात बसून असतो आणि तो कोणाला दिसत नाही. त्याचे नाव अंकुशकृमी. हा एक जंतच.

लांबी जेमतेम एक सेंटिमीटर, शिवणाच्या दोऱ्याच्या तुकड्याएवढा. इटलीतील मिलान शहरी दुबिनी नावाच्या डॉक्टरांना १८३८ साली एका मृत शेतकरी बाईच्या आतड्यात तो प्रथम सापडला. पण तो पोटात शिरतो कोठून, हे पुढे साठ वर्षे कोणाला उमगले नाही. १८९८ साली इजिप्तमध्ये लूस नावाच्या शास्त्रज्ञांच्या हातावर या जंताच्या अळ्या असलेले पाणी चुकून सांडले. हाताला खाज सुटली, लाली आली, आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच शौचात जंताची अंडी निघाली. अळ्या कातडीतून आत गेल्या होत्या!

आपल्याकडे हेच पायांतून होते. जंत झालेला माणूस बांधावर किंवा ओढ्याकाठी परसाकडे बसतो. शौचातली अंडी ओल्या, सावलीच्या मातीत पडतात. एक-दोन दिवसांत ती फुटतात आणि आठवडाभरात अळी कातडीत शिरण्याजोगी होते. टमरेल घेऊन त्याच वाटेने दुसरा माणूस अनवाणी जातो. बोटांच्या बेचक्यात खाज येते, बारीक पुरळ उठते. पावसाळ्यात आपण म्हणतो, चिखल्या झाल्या असतील. अळी मात्र तोवर रक्तातून फुप्फुसात, तेथून घशात आणि गिळली जाऊन आतड्यात पोचलेली असते. तेथे ती मोठी होते, आतड्याला चिकटते आणि रक्त पिते. एकदा बसलेला जंत वर्षानुवर्षे राहतो.

रक्त जाते तरी किती? लहान जातीचे शंभर जंत रोज सुमारे ३ मिलिलिटर रक्त घालवतात. महिन्याचे झाले ९० मिलिलिटर, म्हणजे चहाचा लहान कपभर. मोठी जात याच्या पाचपट घालवते. पुरुषाचेही रक्त जातेच, पण बाईची पाळीही जाते. त्यात दिवस गेले तर एका गरोदरपणाला आणि बाळंतपणाला मिळून सुमारे १००० मिलिग्रॅम लोह लागते. ते भरून येण्याआधीच पुन्हा दिवस राहिले, तर द्यायचे कोठून? असे मूल कमी वजनाचे जन्मते आणि बाळंतपणात थोडा रक्तस्रावही आईच्या जिवावर बेततो. म्हणून बाळंतपणानंतर किमान दोन वर्षे पुन्हा दिवस राहू देऊ नयेत. तेवढ्या काळात जंत काढावा आणि रक्त भरून घ्यावे. निरोध, 'छाया' गोळी, तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन ही साधने सरकारी केंद्रात मोफत मिळतात. तांबीने काहींना पाळी जास्त जाते, तेव्हा रक्त कमी असल्यास नर्सबाईंना आधी सांगावे. मुले पुरेशी झाली असतील तरी बाईचे रक्त ७ ग्रॅमच्या खाली असल्यास तिची शस्त्रक्रिया डॉक्टर पुढे ढकलतात. कारभाऱ्यांनी अशा वेळी स्वतः पुढे व्हावे. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, बिनटाक्याची असते. त्याच दिवशी घरी येता येते. मात्र पुढचे तीन महिने निरोध वापरावा लागतो.

गोड खाल्ल्याने जंत होतात, ही समजूत खरी नाही. गूळ बंद करून जंत जात नाही. गरोदर बाईला माती खावीशी वाटते ते डोहाळे म्हणून सोडून देऊ नका; पुष्कळदा ती रक्त कमी झाल्याची खूण असते.

प्राथमिक आरोग्य केंद्रात शौच आणि रक्त तपासून घ्यावे. औषध आहे अल्बेंडाझोलची एक गोळी. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती घेऊ नये, त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. १ ते १९ वर्षांच्या मुलांना जंतनाशक दिनी अंगणवाडीत व शाळेत ती देतात. हा दिन २०१५ पासून पाळला जातो.

पण एक ध्यानात ठेवा. हा जंत पोटात वाढून दुप्पट होत नाही, प्रत्येक जंत बाहेरूनच येतो. गोळी खाऊन पुन्हा त्याच वाटेने अनवाणी गेलात, तर महिन्या-दोन महिन्यांत नवे बिऱ्हाड. पायात चप्पल हवी आणि घरातल्या सर्वांनी, म्हाताऱ्यांनी आणि पोरांनीसुद्धा, संडासातच बसावे. दोन खड्ड्यांच्या संडासात एक भरला की दुसरा चालू करावा आणि भरलेला दीड वर्ष तरी उघडू नये. ताजे सोनखत शेतात टाकू नका. भातलावणीला चप्पल टिकत नाही हे खरे, म्हणून तर शेताच्या कडेला कोणी बसू नये.

रक्त भरायला लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नको. जेवणात हळीव, शेवग्याचा पाला, पालेभाजी असावी. गोळीने शौचास काळे होते. त्याला भिऊन ती बंद करू नका. गोळ्या संपत आल्या की आशाताईंना सांगा.