९८७ डॉलरच्या आत आणि बाहेर

२०२३ साली अमेरिकेत काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या दर शंभर माणसांत जवळपास १९ जण परदेशात जन्मलेले होते. १९७० मध्ये हेच प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास होते. १९६५ च्या कायद्याने जन्मदेशानुसार ठरवलेला कोटा उठवला आणि आशियातल्या लोकांना दार उघडले. आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनियर मोठ्या संख्येने गेले ते त्यानंतरच.

२०२३ मध्ये परदेशात जन्मलेल्या पूर्णवेळ नोकरदारांचा आठवड्याचा मध्यक पगार होता ९८७ डॉलर. अमेरिकेत जन्मलेल्यांचा १,१४०. म्हणजे त्यांच्या एका डॉलरमागे यांना ८७ सेंट. मध्यक म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारा. पण या रांगेची गंमत मधोमध नाही, टोकांना आहे. एका टोकाला सॉफ्टवेअरवाले आणि डॉक्टर. पदवीधरांपुरते पाहिले तर परदेशात जन्मलेल्यांचा पगार स्थानिकांच्या बरोबरीला येतो, काही वर्षी किंचित पुढेही जातो. दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यात वाकून स्ट्रॉबेरी खुडणारे, हॉटेलच्या खोल्या आवरणारे, छपरे घालणारे. पंचविशीपुढच्या स्थानिक कामगारांत शालेय शिक्षण अपुरे राहिलेले ४ टक्क्यांहून कमी. परदेशात जन्मलेल्यांत ते १८ टक्क्यांच्या घरात. पगारातल्या दरीचे मोठे कारण हेच. आपल्या घरातला भाचा पहिल्या टोकाला असतो, म्हणून ‘अमेरिकेत स्थलांतरित’ म्हटले की आपल्याला तोच दिसतो. स्ट्रॉबेरी खुडणारी बाईही त्याच आकड्यात आहे.

आणि काही जणी त्या आकड्यात नाहीतच. २०२३ मध्ये परदेशात जन्मलेल्या पुरुषांपैकी ७७ टक्क्यांहून अधिक जण कामाच्या बाजारात होते, स्थानिक पुरुषांत ६६ टक्क्यांच्या आसपास. बायकांत चित्र उलटे: परदेशात जन्मलेल्या स्थानिक बायकांपेक्षा थोड्या मागे, आणि घरात लहान मुले असतील तर पुष्कळच मागे. मुले सांभाळायला आई-सासू जवळ नाही, भाषेची अडचण आहे, ही कारणे आहेतच. पण पुण्या-नाशिकहून गेलेल्या कितीतरी मुलींच्या बाबतीत कारण सरळ कागदाचे आहे. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, ती त्याच्या मागे एच-फोर व्हिसावर. एच-फोर आपोआप नोकरीची मुभा देत नाही. नवऱ्याचे ग्रीन कार्डाचे काम ठराविक टप्प्यापर्यंत गेले असेल, तर २०१५ पासून बायकोला वेगळा परवाना मागता येतो. तोवर बी.ई. झालेली, इथे चार-पाच वर्षे नोकरी केलेली मुलगी घरी बसते. हा तिच्या शिक्षणावर अन्याय आहे, असे मला ठामपणे वाटते.

पगाराचा मध्यक फक्त कमावणाऱ्यांचा काढतात. ती नोकरी शोधत नाही, कारण शोधण्याची परवानगीच नाही. म्हणून बेरोजगारांतही ती मोजली जात नाही.