झाडबेडूक केव्हा पाहावा?

उन्हाळ्यात न्हाणीच्या भिंतीला चिकटलेला तपकिरी बेडूक आपण झाडूने हाकलतो. तोच झाडबेडूक. बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात, म्हणून भिंत चढतो.

त्याला पाहण्याची खरी वेळ म्हणजे मिरगाच्या पावसापासून श्रावणापर्यंतची रात्र. पाऊस उघडला की पायात बूट घालून, बॅटरी घेऊन नांदगाव पेठच्या शिवारातल्या एखाद्या डबक्याकाठी जा. पाण्यावर वाकलेल्या फांदीला साबणासारखा पांढरा फेस दिसला, तर त्यात त्याची अंडी आहेत असे समजा. पिल्ले त्यातून खाली पाण्यात पडतात.

म्हणून त्या पाण्यात फवारणीचा पंप धुऊ नका. हा गडी किडे खाऊन जगतो. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात सरकारने १९८७ साली बंद केली. डबक्यातले विष मात्र आपणच थांबवायचे आहे.