आधी कुणाला?

निर्वासित म्हटलं की आपल्याला फाळणी आठवते, उल्हासनगरचे कॅम्प आठवतात. पण आजही छावण्यांतल्या काही निर्वासितांना तिसऱ्याच देशात कायमचं घर मिळतं. त्यांची निवड कशी होते, ठाऊक आहे?

हे घर साधारणपणे अर्ज करून मागता येत नाही. संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था मुलाखती घेऊन नावं सुचवते. शेवटचा होकार त्या त्या देशाचा. वर्षाकाठी शंभर निर्वासितांमागे एकालाही ही संधी मिळत नाही. मग आधी कुणाला? शिकलेल्याला? पैसेवाल्याला? नाही. जो जास्त संकटात, त्याला! जिवाला धोका असलेले, छळ सोसलेले, जिथे आहेत तिथे उपचार न मिळणारे आजारी, एकटी पडलेली मुलं यांचा विचार आधी होतो. आणि मैत्रिणींनो, 'धोक्यातील महिला व मुली' असा खास गटच आहे. पाठीशी कुणी नाही, सरपणाला बाहेर पडायचं तरी अत्याचाराची भीती, अशा बायकांसाठी! ऑस्ट्रेलियाने तर १९८९ पासून त्यांच्यासाठी वेगळा व्हिसा ठेवलाय.

अगदीच आणीबाणी असेल तर सात दिवसांत हलवावं, तातडी असेल तर सहा आठवड्यांत, असा नियम आहे. बाकीच्यांची वाट पाहणं मात्र वर्षानुवर्षे चालतं.

भूतानमधून १९९० नंतर हाकलले गेलेले नेपाळीभाषक लोकच बघा ना. पूर्व नेपाळमधल्या सात छावण्यांत, बांबूच्या झोपड्यांत एक पिढी वाढली. २००७ पासून पुढच्या दहा वर्षांत त्यातले एक लाखाहून जास्त लोक आठ देशांत गेले, बहुतेक अमेरिकेत. काही म्हाताऱ्यांनी मात्र नकार दिला. त्यांना आपल्याच गावी परतायचं होतं. मुलं गेली, आईबाप मागे राहिले. म्हणजे नंबर लागला तरी सगळं सुटतंच असं नाही!

शिवाय रांग कितीही न्यायाने लावली तरी दार दुसऱ्याच्याच हाती असतं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने ही योजना थांबवली आणि प्रवासाची तारीख ठरलेली माणसंही अडकून पडली.

तरीही 'जिचं कुणी नाही, तिला आधी' हा नियम मला मोलाचा वाटतो. आपल्याकडे कुठल्याही योजनेच्या यादीत ओळख असणारीचं नाव वर जातं. गावातल्या यादीला हा नियम लावला तर पहिलं नाव कुणाचं येईल? विचार करून बघा.