श्रीलंका : ज्येष्ठांच्या चालीने

निवृत्तीनंतर पहिल्यांदा परदेशी जाण्याचा बेत आखणाऱ्या अनेक कुटुंबांच्या यादीत श्रीलंकेचे नाव असते. रामायणामुळे ती परकी वाटत नाही. महाराष्ट्रातील बौद्ध बांधवांसाठी तर ती तीर्थभूमीच आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० साली बौद्ध परिषदेसाठी तेथे गेले होते. मुंबईहून विमानप्रवास अडीच तासांच्या आसपासचा. शिवाय दोन्ही देशांच्या घड्याळांत एका मिनिटाचाही फरक नाही, त्यामुळे इन्सुलिनची किंवा रक्तदाबाच्या गोळीची वेळ बदलावी लागत नाही. युरोप-अमेरिकेच्या प्रवासात हा गोंधळ ज्येष्ठांना फार त्रास देतो.

तरीही सहलीहून परतल्यावर पाय सुजलेले, धाप लागलेले किंवा चक्कर येऊन पडलेले आजी-आजोबा दवाखान्यात येतात, आणि चौकशी केल्यावर कारण बहुधा एकच निघते. सहलीचा आराखडा तरुणांच्या पायांनी आखलेला असतो आणि ‘आपल्यामुळे कोणाचा खोळंबा नको’ म्हणून ज्येष्ठांनी दुखणे गिळलेले असते. श्रीलंकेत असे होण्याचे काहीच कारण नाही, कारण या देशाचे कितीतरी वैभव सपाट भूमीवर आहे. चढून काय पाहायचे आणि खालून काय पाहायचे, हे निघण्यापूर्वी ठरले पाहिजे.

सपाट भूमीवरील वैभव

अनुराधपूर ही श्रीलंकेची प्राचीन राजधानी. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी येथे आणली. त्या फांदीपासून वाढलेला ‘श्री महाबोधी’ आजही पूजिला जातो. जवळच दुट्टगामणी राजाने उभारलेला शुभ्र रुवनवेलिसाय स्तूप आहे, तर जेतवनारामाचा विटांचा स्तूप एके काळी सुमारे १२० मीटर उंच होता. स्थळांमधील अंतरे वाहनाने ओलांडता येतात आणि प्रत्यक्ष चालणे बेताचे पडते.

पोलोन्नरुवा येथील गल विहार चुकवू नये. बाराव्या शतकात, पराक्रमबाहू राजाच्या काळी, एकाच कातळात कोरलेल्या येथील मूर्तींपैकी महापरिनिर्वाणातील बुद्धमूर्ती सुमारे १४ मीटर लांब आहे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील अशीच मूर्ती ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ही तिच्या जवळजवळ दुप्पट आहे हे सांगितल्यावर भव्यतेची कल्पना येईल. समोर शांत बसून पाहावे अशी ही जागा आहे.

कँडी येथील दंतधातूच्या मंदिरात दिवसातून तीन वेळा पूजा होते आणि त्या वेळी गर्दी दाटते. गर्दीत उभे राहणे सोसत नसेल, तर पूजेच्या आधी किंवा नंतर जावे. मंदिरालगतच्या तळ्याकाठचा रस्ता संध्याकाळच्या फेरीसाठी उत्तम. तेथून जवळच पेरादेणियाचे वनस्पती उद्यान महावेली नदीच्या वळणात सुमारे दीडशे एकरांवर पसरले आहे. तेथील ताडवृक्षांच्या रांगा, ऑर्किडचे दालन आणि प्रचंड विस्ताराचा जावा अंजीर वृक्ष पाहताना सकाळ कशी सरते ते कळत नाही. संपूर्ण उद्यान पायी फिरण्याचा हट्ट मात्र धरू नये.

सर्व विहारांत पादत्राणे काढावी लागतात. गुडघे व खांदे झाकणारे कपडे हवेत आणि मूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अनादराचे मानतात. मधुमेहींना येथे एक विशेष सूचना. पायांची संवेदना कमी झालेल्या व्यक्तीला तापलेल्या फरशीचा चटका जाणवत नाही. फोड दिसतो तो रात्री, आणि ती जखम पुढे महिनोन्महिने चिघळू शकते. म्हणून दर्शन सकाळी नऊच्या आत किंवा उन्हे कलल्यावर घ्यावे. जाड सुती मोजे घालण्यास सहसा हरकत नसते. रोज रात्री सोबतच्या व्यक्तीने दोन्ही तळपाय उजेडात तपासावेत.

सिगिरियाचा प्रश्न

सिगिरियाचा कडा पाहताक्षणी चढावासा वाटतो. पाचव्या शतकात कश्यप राजाने सपाट रानातून उभ्या उठलेल्या या कातळाच्या माथ्यावर राजवाडा बांधला. मध्यावर अजिंठ्याची आठवण करून देणारी स्त्रियांची भित्तिचित्रे आहेत आणि त्याहून वर सिंहाचे पंजे. माथ्यापर्यंत सुमारे १२०० पायऱ्या आहेत. काही जिने अरुंद व लोखंडी असून गर्दीत मध्येच थांबणे किंवा मागे फिरणे अवघड जाते.

यासाठी घरच्या घरी करता येण्याजोगी साधी परीक्षा आहे. दोन मजले नेहमीच्या वेगाने, न थांबता चढावेत. दम लागून बोलता येईनासे झाले, छातीत दडपण आले किंवा गुडघा धरून थांबावे लागले, तर सिगिरियाच्या पायऱ्या आपल्यासाठी नाहीत. दोन मजले सहज चढता आले तरी लगेच १२०० पायऱ्यांची परवानगी मिळाली असे समजू नये. डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे. हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया अलीकडे झाली असल्यास हा विचारच सोडावा. ज्यांना छातीत दुखण्याचा त्रास पूर्वीपासून आहे, त्यांनी ही परीक्षाही स्वतःहून करू नये.

न चढणाऱ्यांनी बसमध्ये थांबण्याची मात्र गरज नाही. पायथ्याची जलोद्याने सपाट आहेत. त्यांतील प्राचीन कारंजी पावसाळ्यात आजही उडतात. संग्रहालयात भित्तिचित्रांच्या प्रतिकृती पाहता येतात. कुटुंबाने दोन गट करावेत आणि कोणी ना कोणी ज्येष्ठांसोबत राहावे. ‘तुम्ही बसा, आम्ही येतो’ असे म्हणून त्यांना तीन तास एकटे सोडणे प्रकृतीच्या आणि मनाच्याही दृष्टीने योग्य नव्हे.

दांबुल्ल्याच्या पाच चित्रित गुहांसाठीही बराच चढ आहे, पण तो सिगिरियापेक्षा पुष्कळ सौम्य. पहाटेच्या गारव्यात, बसत-उठत अनेकांना तो जमतो. मिन्नेरियाच्या प्राचीन तलावाकाठी पाऊस ओसरल्यावर, साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये, हत्तींचे मोठे कळप जमतात. ते दृश्य अपूर्व असते, परंतु जीपचे हादरे ठिसूळ झालेल्या मणक्यांना सोसत नाहीत. हाडांची झीज असलेल्यांनी, विशेषतः मणक्याचे हाड पूर्वी दबले असल्यास, जीपची सफर टाळावी.

चहाच्या डोंगरात

जेम्स टेलर याने १८६७ साली कँडीजवळ चहाची लागवड सुरू केली आणि पुढे त्या डोंगरांचे रूपच पालटले. नुवर एलिया सुमारे १८७० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वरहून पाचशे मीटर अधिक उंच आहे. या उंचीवर निरोगी माणसाला त्रास होत नाही. पण दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला चालताना धाप लवकर लागते आणि रात्री चांगलीच थंडी पडते. इनहेलर व स्वेटर हाताशी असावेत. सीता एलियाचे सीतामातेचे मंदिर येथून जवळ आहे.

घाटातील वळणांनी मळमळत असेल, तर उलटीची गोळी परस्पर घेऊ नये. अशा काही गोळ्यांनी गुंगी येते आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. कँडीहून नानु ओयापर्यंत रेल्वेने जाणे हा सुखद पर्याय आहे. आसने आधी राखून ठेवावीत आणि डब्याची पायरी उंच असल्याने चढता-उतरताना हाताला धरावे.

खाणे, पाणी आणि औषधे

‘इंदिआप्प’ म्हणजे आपल्या कोकणातले शिरवाळेच, पचायला हलके. खोबऱ्याच्या चटणीत, म्हणजे ‘पोल सांबोल’मध्ये, सुकट माशाचा चुरा घालण्याची पद्धत आहे, म्हणून शाकाहारी मंडळींनी आधी विचारून घ्यावे. म्हशीच्या दह्यावर भेरली माडाचा पाक घालून देतात. चव अप्रतिम, पण मधुमेहींनी तो चमचाभरावरच थांबवावा. ‘तंबिली’ नावाचे नारिंगी शहाळे उन्हात उत्तम. मात्र त्यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

प्रवासात स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, पाणी पीत नाहीत आणि लघवी होण्याची गोळी परस्पर बंद करतात. पहिल्याने चक्कर व मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. दुसरीने हृदयरुग्णाच्या फुप्फुसांत पाणी साठू शकते. गोळीची वेळ बदलता येईल का, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. दर दीड-दोन तासांनी वाहन थांबेल, हे प्रवासी कंपनीकडून आधीच ठरवून घ्यावे.

औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर अधिक घ्यावीत आणि दोन पिशव्यांत विभागावीत. त्यांतील एक कायम हातातील सामानात असावी. इन्सुलिन विमानाच्या मालकक्षात देऊ नये आणि उन्हातल्या गाडीतही ठेवू नये. औषधांची मूळ नावे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असावी. कँडी, नुवर एलिया आणि दक्षिण किनाऱ्यासाठी डिसेंबर ते मार्च हा काळ चांगला. अनुराधपूर-पोलोन्नरुवाही जोडायचे असेल, तर फेब्रुवारी-मार्च निवडावा. दिवसाला एकच मोठे स्थळ आणि दुपारी दोन तास विश्रांती, एवढा नियम पाळला तरी निम्मी दुखणी टळतात.

तातडीच्या वेळी श्रीलंकेत १९९० या क्रमांकावर विनामूल्य रुग्णवाहिका मिळते. ही सेवा २०१६ मध्ये भारताच्या साहाय्याने सुरू झाली. हा क्रमांक ज्येष्ठांच्या खिशातील चिठ्ठीवर, आजार व औषधांच्या नावांसह, लिहून ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच श्रीलंकेला हिवतापमुक्त घोषित केले, परंतु डेंग्यू तेथे आहे. दिवसाही पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि डासरोधक मलम लावावे. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला, तर प्रवासाची माहिती डॉक्टरांना न विसरता सांगावी. तोवर पॅरासिटामॉलखेरीज दुसरे वेदनाशामक घेऊ नये. हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन चालू असेल, तर ती स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे.